गेम कन्सोल आणि व्हीपीएन : वाचकांच्या शंकांना उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा बारावीची परीक्षा संपल्यापासून प्लेस्टेशन ५ वर मित्रांबरोबर ऑनलाइन खेळतो. रात्री नऊनंतर खेळ अडखळतो अशी त्याची तक्रार आहे आणि व्हीपीएन घेतले की पिंग कमी होतो, असे त्याला कुणीतरी सांगितले. म्हणून आम्ही एका व्हीपीएन सेवेची वर्षभराची वर्गणी भरली. तिचे ॲप मोबाइलवर आणि लॅपटॉपवर व्यवस्थित चालते. कन्सोलच्या स्टोअरमध्ये मात्र ते सापडतच नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रॉक्सी सर्व्हर’ नावाची जागा दिसली. तिथे व्हीपीएनचा पत्ता भरला, तर होते ते इंटरनेटही बंद पडले. मोबाइलवर व्हीपीएन सुरू करून त्याचा हॉटस्पॉट कन्सोलला दिला, तरी काहीच फरक पडला नाही. घरी १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. आता काय करावे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपले तिन्ही प्रयत्न फसले, पण त्यात आपली चूक काहीच नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विच या तिन्ही कन्सोलांमध्ये व्हीपीएन जोडण्याची अंगभूत सोय नाही, त्यामुळे ॲप सापडण्याचा प्रश्नच येत नाही. प्रॉक्सी ही वेगळी गोष्ट आहे. ती मुख्यतः वेबपानांसारख्या देवाणघेवाणीसाठी मध्यस्थाचे काम करते. खेळ चालू असताना ज्या यूडीपी पद्धतीने बारीक बारीक पाकिटे धावत असतात, ती तिच्यातून जात नाहीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटचे म्हणाल, तर अँड्रॉइड असो वा आयफोन, फोनवरचे व्हीपीएन सहसा फोनपुरतेच असते आणि हॉटस्पॉटवर जोडलेल्या उपकरणाची माहिती व्हीपीएनच्या बंदिस्त वाटेला, म्हणजे ‘बोगद्या’ला, वळसा घालून सरळ बाहेर पडते.

मार्ग दोन उरतात, लॅपटॉप आणि राउटर. ते सांगण्याआधी आपल्या मुलाच्या मूळ अपेक्षेबद्दल बोलणे भाग आहे, कारण वर्गणी त्या अपेक्षेपोटी भरली गेली आहे. पिंग म्हणजे आपल्या घरातून निघालेला संदेश खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. खेळाचा सर्व्हर मुंबईत आहे असे धरले, तर नागपूर ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७ मिलिसेकंद. प्रत्यक्षात तंतू सरळ रेषेत टाकलेले नसतात आणि वाटेत अनेक ठिकाणी माहिती थांबते, म्हणून हा आकडा बराच वाढतो. पण ७ च्या खाली तो कोणत्याही उपायाने येणार नाही. आपल्या शहरात झिरो माईलचा स्तंभ आहे आणि देशाच्या मध्यभागी असल्याचा आपल्याला अभिमानही आहे. मात्र परदेशी जाणाऱ्या समुद्राखालच्या केबलांचा विचार केला, तर हे मध्यवर्तीपण अडचणीचेच ठरते, कारण त्या मुख्यतः मुंबई आणि चेन्नईच्या किनाऱ्यांवर येतात आणि दोन्ही किनारे आपल्यापासून लांबच आहेत, चेन्नईचा तर मुंबईपेक्षाही.

आता व्हीपीएनकडे पाहा. व्हीपीएन म्हणजे माहितीला आधी एका तिसऱ्या ठिकाणी नेऊन तिथून पुढे पाठवणे. साहजिकच वाट लांबते. ‘आम्ही भारतातलाच सर्व्हर निवडला आहे’ असे आपण म्हणाल, पण इथेच खरी मेख आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते (इंटरनेटवर जोडणी ओळखणारे आकडे) यांची नोंद पाच वर्षे ठेवणे बंधनकारक झाले. ही अट मान्य नसल्याने एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन आणि सर्फशार्क यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. यादीत ‘भारत’ हे नाव पुढेही दिसत राहिले, तरी अशा ‘आभासी’ भारताचे यंत्र सिंगापूर किंवा लंडनसारख्या ठिकाणी असते आणि त्याला फक्त भारतीय आयपी पत्ता दिलेला असतो. आपला मुलगा मुंबईतल्या सर्व्हरवर खेळत असेल आणि व्हीपीएनचा ‘भारत’ प्रत्यक्षात सिंगापुरात असेल, तर माहिती नागपूरहून सिंगापूरला, तिथून मुंबईला आणि त्याच वाटेने परत, असा प्रवास करील. केवळ अंतराचाच हिशेब धरला, तरी ७ मिलिसेकंदांच्या जागी ७० हून अधिक मिलिसेकंद होतात. म्हणून आपल्या सेवेच्या मदतपानावर भारताचा सर्व्हर प्रत्यक्ष भारतात आहे की आभासी, हे सर्वांत आधी तपासावे.

तरीही व्हीपीएनचा उपयोग होतो अशा काही जागा आहेत. रात्रीच्या गर्दीत काही इंटरनेट कंपन्यांची पुढची वाट तुंबते किंवा एखाद्या परदेशी सर्व्हरकडे जाणारी माहिती भलत्याच खंडातून फिरून येते. अशा वेळी व्हीपीएन दुसऱ्या, मोकळ्या वाटेने नेऊ शकते आणि वळसा पडूनही पिंग कमी होतो. ज्या खेळांत खेळाडूंची यंत्रे एकमेकांशी थेट जोडली जातात, त्यांत हरलेला एखादा आततायी प्रतिस्पर्धी आपला आयपी पत्ता शोधून त्यावर बनावट माहितीचा मारा करू शकतो. व्हीपीएन असेल तर त्याच्या हाती आपला खरा पत्ता लागत नाही. आपल्या घरी नेमके काय घडते आहे, हे तपासणे सोपे आहे. लॅपटॉप लॅन केबलने जोडावा, रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान तोच खेळ किंवा त्याच कंपनीचा दुसरा खेळ लॅपटॉपवर व्हीपीएनशिवाय आणि व्हीपीएनसह चालवावा आणि पिंगचे आकडे चार-पाच दिवस लिहून ठेवावेत. सकाळी पिंग चांगला आणि रात्री वाईट असेल, तर दोष घराबाहेर आहे. सकाळीही वाईट असेल, तर कन्सोल आणि राउटर यांच्यामध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट तर नाही ना, हे आधी पाहावे. माझ्या अनुभवात कन्सोलला वायफायऐवजी लॅन केबल जोडल्याने जितक्या तक्रारी मिटल्या, तितक्या व्हीपीएनने कधीच मिटल्या नाहीत.

आकडे व्हीपीएनच्या बाजूने निघाले, तर आधी लॅपटॉपचा मार्ग वापरून पाहावा, कारण त्याला खर्च नाही. लॅपटॉपला इंटरनेट लॅन केबलने द्यावे, व्हीपीएन सुरू करावे आणि विंडोजमधील ‘मोबाइल हॉटस्पॉट’ चालू करावा. एवढ्याने काम होत नाही. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि फसतात. कंट्रोल पॅनेलमधील ‘नेटवर्क कनेक्शन्स’ उघडून व्हीपीएनच्या ॲडॅप्टरवर उजवी कळ दाबावी, ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ या भागात जाऊन दुसऱ्यांना हे कनेक्शन वापरू देण्याच्या चौकटीत खूण करावी आणि खालच्या यादीतून हॉटस्पॉटचा ॲडॅप्टर निवडावा, ज्याचे नाव बहुधा ‘लोकल एरिया कनेक्शन’ आणि पुढे तारांकन व आकडा असे असते. त्यानंतर कन्सोल त्या हॉटस्पॉटला जोडावा. कन्सोलला मिळालेला पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल, तर तो लॅपटॉपमधूनच जात आहे असे समजावे. व्हीपीएनच्या ॲपमध्ये ‘किल स्विच’ (व्हीपीएनबाहेरून जाणारी माहिती अडवणारी सोय) किंवा स्थानिक नेटवर्क अडवण्याचा पर्याय चालू असेल, तर कन्सोलला इंटरनेट मिळणार नाही. चाचणीपुरता तो बंद ठेवावा. वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन या व्हीपीएन जोडणीच्या दोन पद्धती आहेत. वायरगार्डच्या ॲडॅप्टरशी शेअरिंग जुळले नाही, तर ॲपमध्ये ओपनव्हीपीएन निवडून पाहावे.

लॅपटॉप रोज चालू ठेवणे व्यवहार्य नाही, म्हणून कायमचा मार्ग राउटरचा. कंपनीने भिंतीवर बसवून दिलेल्या डब्यात ही सोय बहुधा नसते. नवा राउटर घ्यायला सीताबर्डीत गेलात, तर एक शब्द घट्ट धरून ठेवा : ‘व्हीपीएन क्लायंट’. खोक्यावर ‘व्हीपीएन पासथ्रू’ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ इतकाच की घरातल्या एखाद्या संगणकाने स्वतः केलेले व्हीपीएन तो राउटर अडवणार नाही. ‘व्हीपीएन सर्व्हर’ लिहिलेले असेल, तर बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याची सोय आहे, जी आपल्याला नको आहे. दुकानदार या तिन्हींना सर्रास एकच समजतात. वायरगार्डचा क्लायंट असलेला राउटर मिळाला तर उत्तम. २००१ पासून वापरात असलेले ओपनव्हीपीएन भरवशाचे असले, तरी ते राउटरच्या छोट्या प्रोसेसरवर फार भार टाकते आणि स्वस्त राउटरवर १०० एमबीपीएसचे कनेक्शन २०-३० वर येऊन बसते; मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत सामील झालेले वायरगार्ड त्याच यंत्रावर कितीतरी हलके चालते. यादीत पीपीटीपी हा जुना पर्याय दिसला, तर तो निवडू नये, कारण त्याची सुरक्षा केव्हाच मोडीत निघाली आहे.

नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (जिथे बाहेरचे इंटरनेट येते) जुन्या डब्याच्या लॅन पोर्टमधून केबल आणावी. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर गोंधळ होतो. नव्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा बदलावा. मग व्हीपीएन कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन राउटरसाठीची कॉन्फिगरेशन फाइल उतरवून घ्यावी आणि राउटरच्या व्हीपीएन क्लायंटच्या पानावर ती चढवावी. ओपनव्हीपीएनसाठी काही कंपन्या वेगळे वापरकर्तानाव आणि पासवर्ड देतात. ॲपमधला ईमेल आणि पासवर्ड तिथे चालत नाही आणि लोक तासन्‌तास तोच पुन्हा पुन्हा टाकत बसतात. ‘कनेक्टेड’ असे दिसले की कन्सोलला नव्या राउटरची लॅन केबल द्यावी आणि कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमधून इंटरनेटची चाचणी घ्यावी.

प्रश्न : वरीलप्रमाणेच आम्ही राउटरवर व्हीपीएन जोडले आहे. पण तेव्हापासून टीव्हीवरील वाहिन्यांची ॲप्स ‘आपल्या भागात उपलब्ध नाही’ असे सांगतात, बँकेचे ॲप अडते आणि कन्सोलवर नॅट टाइप ३ दाखवतो. मुलीला मैत्रिणींचा आवाज ऐकू येत नाही. कधी कधी स्टोअर उघडते, पण डाउनलोड मध्येच थिजते. एकाच औषधाने इतके आजार कसे जडले?
— एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आजार तीन आहेत. पहिल्याचा, म्हणजे टीव्ही आणि बँकेची ॲप्स अडण्याचा, उपाय सोपा आहे. सगळे घर व्हीपीएनमधून नेण्याची गरज नाही. चांगल्या राउटरमध्ये कोणते उपकरण बोगद्यातून जावे आणि कोणते सरळ जावे, हे ठरवण्याची सोय असते. तिला कुठे पॉलिसी राउटिंग म्हणतात, तर एसूसच्या राउटरांवर व्हीपीएन फ्यूजन. आधी कन्सोलला घरातला पत्ता कायमचा बांधून द्यावा, म्हणजे उद्या तो बदलून नियम दुसऱ्याच उपकरणाला लागू होणार नाही, आणि मग केवळ तोच पत्ता व्हीपीएनला जोडावा.

डाउनलोड थिजण्याचे कारण एमटीयू, म्हणजे एका पाकिटाच्या आकाराची कमाल मर्यादा, असण्याची दाट शक्यता आहे. इथरनेटवरून एका पाकिटात १५०० बाइट जातात. पीपीपीओई पद्धतीच्या, म्हणजे वापरकर्तानाव आणि पासवर्डने लॉगिन होणाऱ्या, कनेक्शनवर १४९२. वायरगार्ड प्रत्येक पाकिटाभोवती स्वतःचे वेष्टन घालते, म्हणून त्याची नेहमीची मर्यादा १४२० ठेवलेली असते. तुमच्या राउटरवरच पीपीपीओईचे लॉगिन असेल, तर ती १४१२ करावी लागते, कारण १४९२ मधून वेष्टनाचे ८० वजा होतात. हा हिशेब चुकला की छोटी पाकिटे सुखरूप पोहोचतात आणि मोठी वाटेत गळतात. म्हणूनच स्टोअर उघडते, पण गेम उतरत नाही.

नॅटचा आजार मात्र हट्टी आहे. नॅट म्हणजे अनेक उपकरणांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्याची पद्धत. प्लेस्टेशन तीन प्रकार दाखवते : टाइप १ म्हणजे थेट, टाइप २ म्हणजे राउटरमागून पण मोकळे आणि टाइप ३ म्हणजे कडक. एक्सबॉक्सवर हेच ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट या नावांनी येते. कडक प्रकारात बाहेरची यंत्रे आपल्या कन्सोलशी आपणहून जोडली जाऊ शकत नाहीत आणि गप्पांचा आवाज सर्वांत आधी जातो. राउटरवर यूपीएनपी (कन्सोलसाठी राउटरचे दार आपोआप उघडणारी सोय) चालू करावे, असा सल्ला आपल्याला सगळे देतील आणि व्हीपीएन नसताना तो योग्यही आहे. व्हीपीएन असताना मात्र आपल्या घरचे दार उघडून उपयोग नाही. खरे दार व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि त्या एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसलेले असू शकतात. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे तिथले एक दार आपल्या कन्सोलसाठी उघडून देण्याची सोय, देणाऱ्या व्हीपीएन सेवा मोजक्याच आहेत. आपली सेवा त्यांपैकी असेल, तर तिथे पोर्ट मागावा.

आणखी एक गोष्ट तपासा. व्हीपीएन बंद करून, ज्या डब्यात किंवा राउटरमध्ये इंटरनेट कंपनीचे लॉगिन आहे त्याच्या पानावर वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीनेच अनेक घरांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. याला सीजीनॅट म्हणतात आणि पत्त्यांचा हा पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम याच कामासाठी राखून ठेवला गेला. मग नॅटचा दोष व्हीपीएनच्या आधीपासूनचा आहे. अशा वेळी व्हीपीएनची वर्गणी भरण्याऐवजी त्याच इंटरनेट कंपनीकडे स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे फक्त आपल्या घरासाठीचा न बदलणारा पत्ता, मागावा. मुलीला फक्त मैत्रिणींशी बोलत खेळायचे असेल, तर मी व्हीपीएन काढूनच टाकले असते.

प्रश्न : माझा भाचा म्हणतो की व्हीपीएन लावून तुर्कस्तानच्या स्टोअरमधून गेम स्वस्त घेता येतात. हे कायद्याला धरून आहे का? आणि फुकटचे व्हीपीएन वापरले तर चालेल का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी तात्पुरती बंदी घातली आहे, ती वेगळी बाब. मात्र एरवी बेकायदा असलेली गोष्ट व्हीपीएनमुळे कायदेशीर होत नाही; पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे आणि बोगद्यातून गेले म्हणून ती उठत नाही.

भाच्याची युक्ती मुळातच चुकीच्या गृहीतकावर उभी आहे. प्लेस्टेशनचे स्टोअर आपण कुठून जोडले गेलो यावर नव्हे, तर खात्याचा देश कोणता यावर ठरते आणि तो देश एकदा खाते उघडल्यावर बदलता येत नाही. म्हणजे व्हीपीएनचा त्यात काही संबंधच नाही. खोटा देश सांगून वेगळे खाते उघडावे लागेल, त्यावर भारतीय कार्ड बहुधा चालणार नाही आणि नियमभंग म्हणून खाते बंद झाले, तर त्यातले सगळे गेम जातील. वाचलेले पैसे त्या धोक्याच्या मानाने किरकोळ आहेत. फुकटच्या व्हीपीएनबद्दल एवढेच सांगतो की सर्व्हर आणि बँडविड्थ यांचा खर्च कुणीतरी भरतच असतो. तो ग्राहक भरत नसेल, तर त्याची माहिती विकून किंवा जाहिराती दाखवून वसूल होतो. शिवाय राउटरसाठीची फाइल फुकटच्या सेवेत क्वचितच मिळते, त्यामुळे राउटरच्या मार्गासाठी अशी सेवा तशीही बहुधा निरुपयोगी आहे.

प्रश्न : आमच्याकडे राउटरवरचे व्हीपीएन महिनोन्‌महिने नीट चालते, पण उन्हाळ्यात लाईन जाऊन आली की जोडलेच जात नाही. राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करतो. कधी अर्ध्या तासाने आपोआप जोडते, कधी रात्रभर नाही.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ही तक्रार वाचून मला बरे वाटले, कारण हिचे कारण पक्के आहे आणि फार कमी लोकांना ठाऊक असते. बहुतेक घरगुती राउटरांमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज गेली की राउटर आजची तारीख विसरतो आणि पुन्हा सुरू होताना एखादी जुनी तारीख धरून बसतो. वायरगार्डमध्ये प्रत्येक नव्या जोडणीच्या विनंतीवर वेळेचा शिक्का असतो आणि तो आधीच्या शिक्क्यापेक्षा पुढचा नसेल, तर सर्व्हर ती विनंती मुकाट्याने टाकून देतो, कारण कुणीतरी जुनीच विनंती चोरून पुन्हा पाठवली असण्याची शक्यता असते. ओपनव्हीपीएनमध्येही प्रमाणपत्राची मुदत ‘अजून सुरूच झाली नाही’ असे राउटरला वाटते आणि जोडणी नाकारली जाते. वेळ दुरुस्त करण्यासाठी राउटरला इंटरनेटवरील वेळ-सर्व्हर गाठावा लागतो. पण तुम्ही राउटरची स्वतःची विचारणा आणि डीएनएससुद्धा (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) व्हीपीएनमधूनच नेण्याचे ठरवले असेल, तर वेळेशिवाय बोगदा नाही आणि बोगद्याशिवाय वेळ नाही, असा पेच पडतो.

तो सोडवण्यासाठी राउटरच्या वेळेच्या सेटिंगमध्ये वेळ-सर्व्हरचे नाव भरावे आणि राउटरची स्वतःची विचारणा व्हीपीएनमधून न जाता सरळ जाईल असा नियम करावा. केवळ कन्सोल बोगद्यात ठेवला असेल, तर हे बहुधा आपोआप साधते. दुसरे म्हणजे राउटर आणि कंपनीचा डबा या दोघांसाठी छोटा डीसी यूपीएस घ्यावा. घेण्याआधी दोन्हींच्या ॲडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत. पुष्कळ राउटर १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नसतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला असताना राउटर माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवू नये, कारण व्हीपीएनच्या गुंतागुंतीच्या हिशेबाने तो आधीच तापलेला असतो, आणि कूलरच्या ओल्या झोतासमोरही ठेवू नये.